दारातली बोराटी

मी गाव सोडलं त्या सकाळी आमच्या घरात कुणीच थांबलं नाही. बाबाने माझी पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली, मायने भाकरींचं गाठोडं, आणि सगळे मला घाट उतरून फाट्यावरच्या एसटीपर्यंत पोचवायला निघाले. निघताना मायने कुंपणातली बोराटी, म्हणजे बोरीची काटेरी फांदी, ओढून उंबऱ्यावर आडवी लावली. आमच्या डोंगरमाथ्यावर कुलूप कुणाकडेच नव्हतं. दारात बोराटी दिसली की आत जायचं नाही, एवढं लहान पोरालाही कळायचं. मी म्हटलं, सांजेपर्यंत तर तुम्ही परत याल, कशाला लावतेस?

"आमच्यासाठी नाई, तुह्यासाठी लावली," माय म्हणाली. "बोराटी लावून गेला म्हंजे वापस येनं हाय."

गाववाल्यांनो, तुम्ही जे वर राहिलात आणि जे माझ्यासारखे उतरून गेलात, तुम्हाला हे सांगायला नको. पण आपल्या पोरांना माहीत नाही, म्हणून लिहितो. खाली गेलेल्याच्या दारात पोळ्याला आणि होळीला ताजी बोराटी लागली पाहिजे. स्वतः येऊन लावा, नाहीतर कुणाला तरी सांगून ठेवा. होळीपर्यंत कुणीच बदलली नाही, तर जुनी काटी होळीत जाते आणि ते घर गावाचं होतं. मग कुणी त्याच्या छपराची कवेलू काढून नेली तरी बोलायचं नाही.

भिलाईला मामा स्टील प्लांटमध्ये होता, त्यानेच फॉर्म भरायला लावला. पुढे मला सेक्टर १० मध्ये क्वार्टर मिळालं, आणि पहिल्याच आठवड्यात मी माती खाल्ली. बी शिफ्टला जाताना मैदानाकडची बाभळीची फांदी तोडली, दारात आडवी लावली आणि निर्धास्त ड्यूटीवर गेलो. परत आलो तर दारापुढे अर्धी गल्ली उभी. कुणी लिंबू कापून ठेवलेलं, कुणी पाणी शिंपडलेलं. शेजारचे वर्माजी हळूच म्हणाले, "भैया, किसी ने आपके घर पे टोटका किया है।" टोटका मीच केला, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी सुपेल्याच्या बाजारातून कुलूप आणलं. आत मात्र काडीलाही कुणी हात लावला नव्हता, हे मी सुशीलाला, माझ्या बायकोला, लग्नानंतर शंभरदा तरी ऐकवलं असेल.

गाव सुखाचं होतं असं मी म्हणणार नाही. लांबून डोंगर सगळ्यांनाच साजरा दिसतो. झिऱ्याचं पाणी वाटीवाटीने भरावं लागे. नाला चढला की मास्तर येत नसे, आणि आला नाही म्हणून आम्हाला आनंदच व्हायचा. आजारी माणसाला बाजेवर घालून चौघे जण खाली न्यायचे. माझी धाकटी बहीण त्या बाजेवरच गेली, अर्ध्या घाटात. म्हणून तर बाबाने मला हाकललं. "इथं राहून काय करतं? कुटकी पेरतं?" म्हणायचा. आता घाटाच्या अर्ध्यापर्यंत डांबर आलंय, दोन घरांवर सोलर आहे, आणि गायखडकावर उभं राहिलं तर मोबाइलला रेंज येते. फक्त माणसं नाहीत.

बाबा गेल्यावर मायला इकडे आणलं. तिने क्वार्टरचं दार कधी लावू दिलं नाही. कूलर चालू, दार सताड उघडं, आणि ती उंबऱ्यावर. होळी जवळ आली की तिची बेचैनी सुरू व्हायची: रिझर्व्हेशन केलं का, सुट्टी टाकली का. मी दुर्गहून गाडी पकडायचो, मग बस, मग पायी घाट, आणि एक काटी बदलून परत. पोरगा हसायचा, "पप्पा, वहाँ है क्या?" मी त्याच्यावर चिडायचो. तिथे गेलो की इकडची ड्यूटी आठवायची, इकडे आलो की तिकडचं दार. माझं बूड आजवर कुठेच टेकलं नाही.

दोन वर्षांपूर्वी माय गेली. यंदा मी रिटायर झालो. क्वार्टर सोडायचं म्हणून भिलाईतच जुनवानीला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. सामान बांधताना सुशीला म्हणाली, "आता तिथं कोन हाय आपलं? कावून जाता दरसाल?" मला राग आला नाही. ती खरं बोलत होती. मी ठरवलं की या होळीला जायचं, आपल्या हाताने बोराटी होळीत टाकायची आणि एकदाचं मोकळं व्हायचं.

गेलो. बावीस घरांपैकी पाचांतून धूर निघत होता. आणि आमच्या दारात हिरवीगार बोराटी लावलेली! काटे ओले होते, सकाळीच कुणीतरी तोडलेली. दरवर्षी परतीच्या घाईत मी दारातली काटी न बघताच ओढून फेकायचो.

शेजारची जानकीमावशी ओट्यावर बसली होती. मायच्या बरोबरीची, गुडघ्यांनी थकलेली. मी म्हटलं, मावशी, कशाला त्रास घेतलास? मी तर काढायलाच आलोय.

"तुह्या मायनं सांगतलं होतं मले," ती म्हणाली. "पोरगा आला नाई तं तू लाव म्हने. मी आपली लावून राहिली दरसाल. तू येतं दुपारी, मी सकाळीच लावून ठेवतो. तू काढून परत लावतं, मले हासू येते."

म्हणजे इतकी वर्षं मी तिचीच ताजी काटी काढून माझी लावत होतो, आणि घर मी राखतोय म्हणून मिरवत होतो. मला फार लाज वाटली.

"टाकाची असन तं टाक," ती पुढे म्हणाली. "पन होळी झाली का मी परतवाड्याले चालली, पोरीकडं. हे गुडघे आता ऐकत नाई. मंग माह्या दाराची कोन लावन?"

तिने विचारलं आणि माझ्याकडे बघत राहिली. 

सांजेला होळी पेटली. चार घरांच्या वाळक्या काट्या आत गेल्या. सुरतेला गेलेल्या महादेवाची पण. ती बराच वेळ तडतडत होती. महादेवा, तू हे वाचत असशील तर तुला हे असंच कळावं असं मला वाटत नव्हतं. माझी बोराटी मी टाकली नाही.

दुसऱ्या दिवशी मावशीला घाटाच्या अर्ध्यापर्यंत, जीप येते तिथवर, सोडायला गेलो. निघण्याआधी तिच्या दारात मीच बोराटी लावली. तिने ती हलवून पाहिली, जरा डावीकडे सरकवली, मग चालू लागली. वळणावर मला म्हणाली, "पोळ्याले येजो."

जुनवानीच्या फ्लॅटचं दार ओढलं की आपोआप लॉक होतं. मी दोनदा किल्ली आत ठेवून बाहेर अडकलो आहे. वॉचमन हसतो. इथे रोज झोपतो, जेवतो, सुशीला आहे, सगळं आहे. पण घर म्हणाल तर मला ते दारच आठवतं, जे मी उघडतसुद्धा नाही, नुसतं राखतो.

पोळ्याचं तिकीट काढलं आहे. मावशीचं दार आधी, मग माझं. आणि तुम्ही जे जे उतरून गेलात, सुरतेला, नागपूरला, कुठेही असाल, तुमच्यासाठी काटी तोडायची की नाही ते मला कळवा. पोळ्याच्या दिवशी गायखडकावर मी सकाळभर फोन घेऊन उभा राहीन. दारं पुष्कळ आहेत, आणि बोरीचे काटे माझ्या एकट्याच्या हातांना झेपायचे नाहीत.