मागच्या सीटखालची गुणगुण

मुखेडहून सकाळी सातला निघालो. गाडी दिनकर भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, चालवत होते. मागे मी आणि माझी मुलगी वैशाली. लातूरच्या क्लासची निवडपरीक्षा अकराला होती. उशीर झाला तर आत घेत नाहीत, हे तिने मला चारदा सांगितले.

अहमदपूरनंतर क्लासच्या पाट्या वाढल्या. पाट्यांवर पहिली आलेली पोरं हसत होती. वैशाली दुसऱ्या खिडकीतून नांगरलेली रानं पाहत राहिली.

चाकूरला हॉटेलपुढे वळताना चाक खड्ड्यात दाणकन आदळले आणि गाडी बंद पडली. ती तिथेच ठेवून आम्ही सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी) खाल्ला. परत आलो तर स्टार्टर फिरे, पण इंजिन काही सुरू होईना.

चहा पिणारे चारजण धक्का मारायला आले. "जुनी हाय, नव्या नवरीवानी अडून बसली," एकजण म्हणाला. गाडी झाडापर्यंत गेली, चालू झाली नाही.

शेजारचा मिस्त्री आला. त्याने प्लग काढून पाहिला. "ठिणगी हाय, पण प्लग कोरडा. पेट्रोलच येत न्हाई. पंप गेला असंल. टाकी उतरवावी लागंल, दुपार होईल."

वैशालीने घड्याळावर हात ठेवला. साडेनऊ झाले होते.

लातूरच्या भूकंपानंतर वर्षभर आम्ही उशाशी भांड्यांची उतरंड रचून झोपायचो. हादरा बसला की वाजावी म्हणून. तेव्हापासून माझे कान बारीक आवाज धरतात. पण परक्या माणसांपुढे मी बोलत नाही. त्या दिवशी बोलले.

"किल्ली फिरवली की माझ्या सीटखाली गुणगुण होते. सकाळी होती. खड्ड्यानंतर न्हाई."

"वहिनी, गाडी काय भजन करती का?" भाऊजी म्हणाले.

मिस्त्री हसला नाही. "ती गुणगुण पंपाचीच. लई जोरात आदळली का?"

"हाव," मी म्हणाले.

त्याने खाली वाकून पेट्रोल गळत नाही ना ते पाहिले. मग ड्रायव्हरच्या पायापाशी हात घालून एक बटण दाबले. "टक्कर झाली समजून गाडीनंच पेट्रोल तोडलं. आग लागू नये म्हणून असतंय हे."

किल्ली फिरली. सीटखाली गुणगुणले. इंजिन सुरू झाले.

"बाई, तुमीच क्लास काढा," मिस्त्री म्हणाला. "पहिलं नाव माझं लिवा."

अकरा वाजायला पाच मिनिटे असताना वैशाली फाटकातून आत धावली. मागे वळून पाहिले नाही. मला ते बरे वाटले आणि नाहीही.

तिची निवड झाली. पंधरा दिवसांनी तिला वसतिगृहात सोडून आम्ही दोघेच परतायला निघालो. मागच्या सीटवर माझ्याशेजारी रिकामी पिशवी होती. भाऊजींनी किल्ली अर्धी फिरवली आणि थांबले.

"वहिनी, आली का ऐकू?"

"आली," मी म्हणाले. मग त्यांनी गाडी सुरू केली.