बहिणीच्या रिपोर्टचा हेवा

आज माणिकपूरच्या लॅबमधून माझा आणि धाकट्या बहिणीचा रक्ताचा रिपोर्ट आला. नैराश्याची औषधं आम्ही दोघीही घेतो. ती वर्षभरापासून, मी सहा वर्षांपासून.

तिच्या रिपोर्टमध्ये शरीरातली सूज दाखवणारा आकडा वाढलेला निघाला. काही जणांच्या नैराश्याशी या सुजेचा संबंध असू शकतो, म्हणून डॉक्टरांनी तिचं औषध बदलायचं ठरवलं. माझं सगळं नॉर्मल.

"नॉर्मल म्हणजे आजार नाही असं नव्हे," डॉक्टर मला म्हणाले. "हा आजार नक्की पकडणारी रक्ततपासणी अजून नाही."

आईने ते ऐकलंच नाही. रिक्षात ती बहिणीचा हात धरून बसली. "बघ, पोरीच्या रक्तातच होतं. आणि आपण तिला आळशी म्हणायचो." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुला काही नाही ना? मग आता सकाळी लवकर उठत जा."

मला तो वाढलेला आकडा हवा होता. आजारी बहिणीचा हेवा वाटला, आणि अजून वाटतो आहे.

"ताई, तू सुटलीस गं," ती म्हणाली. मी "हो" म्हणाले.

तुमच्या घरात रिपोर्ट न बघता तुमच्यावर विश्वास ठेवणारं कुणी आहे का? असेल तर मला तुमचाही हेवा वाटेल. तरी सांगा.