तोमासरावांचा धवला

या ग्रुपवर लोक लिहितात ते भुताखेतांचे अनुभव मी वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसते. माझं कामच तसं आहे. खारघरच्या एका कॉलेजात मी सिस्टिम अॅडमिन आहे. "मॅडम, मशीन आपोआप बंद पडतं" असं म्हणत कोणी आलं की मी आधी प्लग बघते, मग पॉवर सप्लाय, मग लॉग, म्हणजे मशीनने स्वतः ठेवलेल्या नोंदी. आपोआप काही होत नसतं, हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलंय... आता मीच लिहायला बसलेय, तर तुम्हीही खुशाल हसा.

माझं माहेर कोपरखैरण्याच्या गावठाणात. आम्ही आगरी. आमच्या लग्नांत भटजी नंतर येतो, आधी धवलारीण बसते. हळदीपासून लग्न लागेपर्यंत प्रत्येक विधीला ती धवला म्हणते, आणि त्यात नवरानवरीची, घरच्यांची नावं ओवते. माझी आई धवलारीण होती. पंचक्रोशीत तिच्याशिवाय हळद लागत नसे. तिचं एकही गाणं कुठे लिहिलेलं नव्हतं. सगळं तोंडपाठ.

डिप्लोमाला असताना मी जुने पार्ट जमवून एक कम्प्युटर उभा केला आणि मासिकासोबत आलेल्या सीडीवरून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं. तेव्हाचं लिनक्स म्हणजे काय ते ज्यांनी भोगलंय त्यांना कळेल. स्क्रीन यायची तर माउस नाही, माउस आला तर अक्षरं तुटकी. मी एकेक करत सगळं सोडवलं. फक्त आवाज आला नाही. आवाजासाठी लागणारं साउंड कार्ड होतं, सिस्टिमला ते दिसत होतं, एरर काही नाही... आणि स्पीकर मुका. मला आईचे धवले रेकॉर्ड करायचे होते. ती बिचारी रविवारी हातपाय धुऊन माइकसमोर येऊन बसायची. "झाला का गो चालू, जागू?" मी म्हणायची, "पुढच्या रविवारी."

मग मी थॉमसशी लग्न केलं. तो केरळचा, ख्रिश्चन, वाशीतच वाढलेला. बाबा आधीच गेले होते, घरात दादाचा शब्द चालायचा. दादाने दार बंद केलं. थॉमसचं नाव घरात कोणी घ्यायचं नाही असा हुकूम निघाला. माझं लग्न रजिस्ट्रारच्या ऑफिसात लागलं. जिने गावभरच्या पोरींना हळद लावली, ती स्वतःच्या पोरीच्या लग्नाला नव्हती.

पहिल्या नोकरीत मला त्या मुक्या स्पीकरचं कारण कळलं. त्या काळी लिनक्स टाकल्यावर आवाजाचे सगळे चॅनल मुळातच म्यूट असायचे. मिक्सर, म्हणजे आवाज कमीजास्त करायचा प्रोग्राम, उघडून एक बटण दाबायचं, बस्स. मी हरखून घरी फोन लावला... दादाने उचलला. "आईला दे," म्हटलं. त्याने ठेवून दिला.

आई गेली ते मला सगळं उरकल्यावर कळवलं. यावर मी जास्त लिहीत नाही.

गेल्या वर्षी जुनं घर पाडून तिथे इमारत बांधायचं ठरलं. वहिनीचा फोन आला. "तुजा तो कंपूटर माल्यावर परलाय. नेतंस का भंगारात देऊ?" दादा घरी नसताना दुपारी ये, असंही म्हणाली.

मी गेले. कम्प्युटर, मॉनिटर, स्पीकर सगळं तिने खाली काढून ओटीवर, जुन्या टेबलावर मांडून ठेवलं होतं. नेण्याआधी डिस्क जिवंत आहे का बघू, म्हणून मी वायरी लावल्या. पॉवर, मॉनिटर, कीबोर्ड, स्पीकरची पॉवर. स्पीकरची दुसरी वायर मागे गेलेली दिसली. ती कुठे लागलीय ते मी वाकून बघितलं नाही. वहिनी जमिनीवर बसून सुपात सुका जवळा, ती बारीक कोळंबी, निवडत होती.

मशीन सुरू झालं. तारीख चुकलेली, डिस्कची तपासणी लांबली, मग "स्क्रीन सापडत नाही" म्हणून काळ्या पडद्यावर थांबलं. मॉनिटर दुसराच होता, माझा जुना कधीच गेलेला. मी सेटिंगची फाइल उघडून त्या मॉनिटरला झेपतील असे आकडे घातले आणि जुना डेस्कटॉप समोर आला.

आता एवढं केलंय तर ते बटणही दाबून टाकू, असं मनात आलं. मी मिक्सर उघडला. चॅनल उभे होते, प्रत्येकाखाली म्यूटची खूण. एकेक करून उघडले, आवाज वाढवला. मग सिस्टिमसोबत येणारी घंटीची छोटी फाइल वाजवली.

घंटी वाजली नाही.

आधी खरखर आली. मग कोणीतरी घसा खाकरला. आणि आईने धवला सुरू केला. तिचाच तो थोडा नाकातून येणारा, ओळीच्या शेवटी लांबवलेला सूर. माझे हात कीबोर्डवरच राहिले. वहिनीच्या हातातलं सूप तिरपं झालं, जवळा जमिनीवर सांडला.

हळदीचा धवला होता. नावं आली. आधी बाबांचं, मग आमच्या कुलदेवीचं, मग... "जागू माजी नवरी गो, तोमासराव जावय..."

तोमासराव.

थॉमस हे नाव आईने माझ्यासमोर कधी उच्चारलंच नव्हतं. तिच्या जिभेवर ते कसं बसेल हे मला तोवर माहीत नव्हतं.

वहिनी उठून माझ्या खांद्याला धरून उभी राहिली. "आये गो... आयेचा आवाज," म्हणत रडायला लागली. धवला पूर्ण झाला. मग नुसती खरखर, मग तीही थांबली.

आम्ही दोघी तशाच होतो तेव्हा दादा आला. मला बघून त्याचा चेहरा बदलला. मी इतक्या वर्षांनी त्याच्याशी आपणहून बोलले.

"दादा, आईचा आवाज आला यातनं. आत्ता. वहिनींनी पण ऐकलाय."

त्याने वहिनीकडे बघितलं. "काय ऐकलंस?"

वहिनी खाली बसली. सांडलेला जवळा गोळा करायला लागली. "मना काय म्हायत? पंखा वाजत व्हता."

"वहिनी!" मी ओरडले. तिने मान वर केली नाही.

दादा हसला. "नाटकं कराला आयलीस?" म्हणत त्याने टेबल पुढे ओढलं आणि मशीनची पाठ माझ्याकडे फिरवली. "आवाज येल कठशी? कार्ड तू गेलीस तवाच काढून दोस्ताला दिलंय मी."

खरंच, साउंड कार्डच्या जागी रिकामी फट होती. आत धूळ आणि कोळिष्टकं. स्पीकरची पिन कशालाच लागलेली नव्हती, टेबलामागे फरशीवर पडली होती.

मी त्याच्यासमोरच परत मिक्सर उघडायला गेले. उघडला नाही. स्क्रीनवर आलं, "असं उपकरण नाही." कार्ड नसेल तर तो उघडतच नाही, हे मी रोज मुलांना शिकवते. मग थोड्या वेळापूर्वी मी कुठले चॅनल उघडले होते?

मशीन मी घरी आणलं. डिस्कचा कानाकोपरा तपासला. आईची एकही फाइल नाही, पुसलेलीही नाही. असणारच कशी? मी घरात होते तोवर रेकॉर्डिंग झालंच नाही आणि मी गेल्यावर कार्डच राहिलं नाही. लॉगमध्ये कार्डाचा मागमूस नाही. मोकळ्या वायरीत कधीकधी रेडिओ पकडला जातो, हे मलाही माहीत आहे. पण माझं आणि माझ्या नवऱ्याचं नाव घेणारा धवला कुठल्या स्टेशनवर लागतो ते मला सांगा. तसंच कार्ड शोधून बसवलं, तीच फाइल वाजवली. घंटी वाजली. नुसती घंटी.

थॉमसला सांगितलं तेव्हा त्याने यातलं काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "राव म्हणाल्या? नक्की?" मी हो म्हटलं. तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

दादाचा मला आता राग येत नाही, तो पहिल्यापासून तसाच आहे. राग येतो वहिनीचा. मध्यंतरी कोपरखैरण्याच्या मासळी बाजारात ती समोर आली. वळून जाणार होती, मी हात धरला.

"दादा नाहीये इथे. फक्त मला सांगा. ऐकलं ना तुम्ही?"

तिने इकडेतिकडे बघितलं. "नव्या बिल्डिंगीत पन मना तुज्या भावासंगतीच रायाचं हाय," म्हणाली, हात सोडवून घेतला आणि कोळणीला बोंबलाचा भाव विचारायला लागली.

तेव्हा ते काय होतं, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला कळलं तर जरूर लिहा. फक्त पंखा होता असं लिहू नका. त्या दुपारी गावठाणात लाइटचा एकच फेज चालू होता. त्यावर टेबलाजवळचा प्लग होता, पंखा नव्हता. पंखा बंदच होता.