डिझर्व्ह या क्रियापदाचा बराबर वापर

"ए तांडा एक्सप्रेस, तू वाच. आवाज खणखणीत आहे तुझा."

हिंगोलीतला स्पोकन इंग्लिशचा क्लास. सरांनी फळ्यावर त्या दिवसाचं क्रियापद लिहिलं होतं, डिझर्व्ह. लायक असणं, पात्र असणं. बक्षिसालाही चालतं, शिक्षेलाही. खाली वाक्य : कोटा स्टुडंट्स डू नॉट डिझर्व्ह देअर सीट्स. म्हणजे राखीव जागेवर आलेली पोरं त्या जागेच्या लायकीची नसतात.

नर्सिंगच्या यादीत माझं नाव राखीव जागेतूनच लागलं होतं. सगळ्या क्लासला ठाऊक. पेढे मीच वाटले होते.

मी उभी राहिले. वाचलं. एकही उच्चार चुकला नाही.

"परफेक्ट! टाळ्या वाजवा हिच्यासाठी."

वाजवल्या. राग आला नाही. रडू नाही. काहीच नाही. खाली बसले आणि वाक्य वहीत उतरवलं. नीट अक्षरात.

क्लासचा नियम होता. रोजचं वाक्य घरी वाचून दाखवायचं, खाली आईबापाची सही आणायची. वही पूर्ण झाली तरच सर्टिफिकेट.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा पुसेगावजवळ. याडी, म्हणजे माझी आई, दुसऱ्याच्या शेतात हळद शिजवून आलेली. हात पिवळे. तिला सही येत नाही. मी पेनाची शाई तिच्या अंगठ्याला घासली.

"काय लिवलंय आज?"

"मेहनत केली की भेटतं, असं."

"बराबर लिवलं सरानं." तिनं अंगठा दाबला. जोरात. उमटायचा राहू नये म्हणून ती नेहमीच तसा दाबते.

मी लायक नाही, या वाक्याखाली माझ्याच आईची साक्ष. खोटं बोलून मीच घेतलेली. सर एकटे नव्हते. मी त्यांना मदत करून राहिले होते.

मग तिला खरा अर्थ सांगितला. ती अंगठा पदराला पुसत राहिली.

"मंग मला काहून लावायला लावला?"



दुसऱ्या दिवशी क्लासात न बोलावता उभी राहिले. "सर, कालचं वाक्य खोटं आहे. सगळ्यांसमोर सांगा."

"अगं, उदाहरण आहे ते. ग्रामर बराबर आहे ना?"

"ग्रामर बराबर आहे. म्हणून तर सगळ्यांनी उतरवून घेतलं."

मागून कुणीतरी, "एक्सप्रेस रुळावरून घसरली रे!" हशा.

सरांचा आवाज चढला. "सॉरी म्हण. न्हाईतर सर्टिफिकेट विसर."

मी म्हणाले नाही. दप्तर उचललं, निघाले.

वहीतलं ते पान फाडलेलं नाही. पुरावा आहे तो. नर्सिंगला मी जाणार आहे. राखीव जागेवर. विचारेल त्याला तसं सांगून. आणि आमच्या तांड्यात कुणाही बाईचा अंगठा कागदाला टेकायच्या आधी तो कागद मोठ्यानं वाचला जाईल. मी वाचेन. खरा अर्थ सांगून.