फ्लेक्सवर न आलेली ओटी

मंडळी, आज सकाळपासून मान वर होत नाहीये.

खांदा कॉलनीतल्या आमच्या अँग्लिकन चर्चचा आज वर्धापनदिन. दारातल्या फ्लेक्सवरचा इतिहास मीच लिहिलेला. वर थाटात आमच्या पंथाचे जुने इंग्रज पाद्री, मुंबईचे बिशप. खाली आमच्या चर्चबद्दल एक ओळ: 'सुरुवातीला उपासना उघड्यावर होत असे.'

दरवर्षीसारख्या शेजारच्या गावातल्या बायजाकाकू नारळ घेऊन आल्या. त्यांना वाचता येत नाही. म्हणाल्या, "काय लिवलंय, वाच ना बाय."

मी वाचलं.

"उघड्यावर? आमच्या ओटीवर बसायचे ना तुमी? एका साली गणपती आतल्या खोलीत बसवला आमी, तुमची प्रार्थना मोडायला नको म्हणून."

खरं होतं. लहानपणी मीही त्याच ओटीवर बसून गीतं गायलेय. पण आपलं चर्च दुसऱ्याच्या ओटीवर सुरू झालं, हे लिहायला मला कमीपणा वाटला.

काकू रागावल्या नाहीत. नारळ माझ्या हातात दिला, चपला बाहेर काढल्या आणि शेवटच्या बाकाशी थांबून मला विचारलं, "बसू का हितं?"

त्यांच्या ओटीवर बसताना आम्हाला कधी विचारावं लागलं नव्हतं.

नारळ आत्ता माझ्यासमोर आहे. सांगा, कोणत्या तोंडाने फोडू?