सुलोचना वहिनींचं मशीन

सुलोचना वहिनींच्या दारात कोणाची गाडी थांबली की त्या आधी गाडीच्या चाकांपाशी जायच्या. पाहुणा कोण, ते मग. पदर खोचून खाली बसायच्या, टायरच्या बगलेवरून तळवा फिरवायच्या, कुठे फुगवटा लागतो का ते पाहायच्या. दीर असो, सोयरे असोत, मतं मागायला आलेला पुढारी असो. तोवर पाहुणे उन्हात ताटकळत. हात झटकून उठल्या की मग म्हणायच्या, "या. पानी घ्या." आमच्या शिरपुरात या सवयीला कोणी हसत नसे, कारण ती कुठून आली हे सगळ्यांना माहीत होतं. निदान माहीत आहे असं आम्ही समजत होतो.

वहिनी जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांचं घर आणि माझं कृषी सेवा केंद्र यांच्यामध्ये एक बोळ तेवढी. त्यांचे यजमान नामदेवभाऊ जीप चालवायचे. शिरपूरला मंदिरात आलेली मंडळी वाशीमला सोडायची, आठवडी बाजाराला रिसोड, आणि रामनवमीला पोहरादेवीची यात्रा. त्या दिवसांत जीप उभी म्हणून राहायची नाही. अशाच एका रामनवमीला पोहरादेवीला माणसं उतरवून रिकामी जीप घेऊन परत येताना पुढचं टायर फुटलं. जीप रस्ता सोडून बाभळीवर गेली. नामदेवभाऊ जागेवरच गेले.

फुटलेलं टायर लोकांनी अंगणात आणून टाकलं होतं. त्याच्या आत जुन्या टायरचा एक तुकडा चिकटवलेला निघाला. बगलेला कापलेलं टायर आतून ठिगळ लावून चालवलं होतं. बाहेरून काही दिसत नव्हतं. आमच्या गावात तेव्हा पंक्चरचं दुकान एकच होतं, स्टँडसमोर, भास्करचं. नामदेवभाऊंच्या गाडीचं सगळं काम तोच करायचा. वहिनी तशाच उठल्या, ते टायर हाताने ओढत स्टँडवर गेल्या आणि सगळ्या गावासमोर त्याच्या दुकानापुढे टाकलं. "ह्या हातानं माह्या मानसाले मारलं," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. भास्कर काहीतरी बोलू पाहत होता. लोकांनी त्याला बोलू दिलं नाही.

वहिनींनी जीप विकली नाही. दिरांनी फार सांगून पाहिलं. त्यांनी एक ड्रायव्हर ठेवला, शेती बटाईने दिली, आणि मुलाला, निलेशला, शिकवलं. पण टायरच्या बाबतीत कोणावर विश्वास उरला नव्हता. "टायराचा घाव आतून असते भाऊ," त्या मला म्हणायच्या. "खोलून पाह्यल्याबिगर त्याचं काई समजत नाई." दर वेळी टायर खोलायला वाशीमला कोण जाणार? म्हणून एक दिवस त्यांनी ठरवलं की टायर खोलायचं मशीन घरीच आणायचं. वीज नको, हाताने चालणारं हवं, आणि आपल्याला एकटीला चालवता आलं पाहिजे.

मशीन घ्यायला मी त्यांच्याबरोबर अकोल्याला गेलो होतो. दुकानदाराने पहिल्यांदा एक चकचकीत लाल रंगाचं मशीन पुढे केलं. मध्ये उभा खांब, त्यावर रिम बसवायची, वर लांब दांडा. वहिनींनी खांबाला दोन्ही हातांनी धरून हलवलं. तो वरच्या टोकाला डुलला.

"हे डुलून राह्यलं," त्या म्हणाल्या.

"बाई, जमिनीत बोल्ट मारल्यावर नाही डुलणार."

"बूड नाई डुलत, मधातून डुलते. पाइप पातळ हाये. माहा जोर टायरले लागन का ह्या पाइपाले?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. मग त्याने गोदामातून एक काळं, ओबडधोबड, जड मशीन काढायला लावलं. वहिनींनी बूड पाहिलं, बोल्टाची भोकं पाहिली. दांडा हातात घेऊन वजन पाहिलं, मग तो आपल्या खांद्याशी उभा धरला. "लांब पायजे. ज्याच्या अंगात जोर नाई त्याचा दांडा लांब पायजे." दांड्याचं टोक बोटाने चाचपलं, कुठे धार लागते का म्हणून. धार असली तर टायरची कड कापली जाते. मोटरसायकलची बारीक रिम धरायला वेगळी पकड मिळते का, तेही विचारलं. शेवटी एखादं जुनं टायर चढवून दाखवा म्हणाल्या. दुकानदाराचा माणूस दाखवायला लागला, तर त्याच्या हातातून दांडा घेऊन स्वतःच करून पाहिलं. दुकानात आलेली गिऱ्हाइकं गोळा झाली. वहिनींना त्याचं काही नव्हतं. टायर निघालं तेव्हा त्या मला म्हणाल्या, "हेच घेऊ. दिसाले बरं नाई, पन हालत नाई."

जीप ठेवायच्या शेडमध्ये कोपऱ्यातली फरशी उखडून त्यांनी काँक्रीट टाकून घेतलं. ते पक्कं होईपर्यंत मशीनला हात लावू दिला नाही. रोज सकाळी स्वतः पाणी मारायच्या. मग बोल्ट आवळले. पहिले काही दिवस फजिती झाली. कड सुटायची नाही, सुटली तर दांडा निसटायचा, एकदा हनुवटीला चांगलाच लागला. पण हळूहळू हात बसला. आधी व्हॉल्व्हमधून हवा पूर्ण काढायची. मशीनच्या खालच्या दाबणीने टायरची कड रिमपासून सोडवायची, दोन्ही बाजूंनी. मग साबणाचं पाणी, सढळ हाताने. आणि मुख्य म्हणजे ज्या बाजूला दांडा घातला त्याच्या समोरची बाजू गुडघ्याने रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरायची. तसं केलं की टायर अलगद वर येतं. "जोर नाई लागत," त्या शिकवायच्या, "समोरची बाजू ढिली सोडा लागते. दोनी बाजूनं तानाल तं काईच निंघत नाई."

गावातले लोक येऊ लागले. मोटरसायकलवाले, ऑटोवाले, भाजीच्या टेंपोवाले. वहिनी कोणाकडून काही घेत नसत. टायर खोलून आतून हात फिरवायच्या, उजेडात धरून पाहायच्या, आणि खराब असलं तर मालकाला सरळ सांगायच्या, "हे फेका. लेकराबाळाचे बाप आहा तुमी." चाकाचा तोल पाहायचं काम त्या मशीनवर होत नाही, त्यासाठी वाशीमला पाठवायच्या. भास्करचं दुकान तर आधीच ओस पडायला लागलं होतं. आता उरलंसुरलं गिऱ्हाईकही गेलं. एक दिवस दुकानाचं शटर उघडलं नाही. तो बायको घेऊन रिसोडला लेकीकडे गेल्याचं कळलं. वहिनींना मीच सांगितलं. त्या रिमवरचा गंज घासत होत्या. "जाऊ दे," म्हणाल्या. हात थांबला नाही.

निलेश शिकला, पुण्याला नोकरीला लागला. एका दिवाळीला नवीकोरी गाडी घेऊन आला. सगळी गल्ली पाहायला जमली. ओवाळून झालं, पेढे झाले, आणि वहिनी म्हणाल्या, "चाकं काढ एक-एक. आतून पाहू."

"आई, शोरूममधून काढली आहे परवा."

"म्हनून काय झालं?"

"रिमला ओरखडे पडतील. सगळे हसतील मले."

"हसू दे. तुह्या बापाचंही टायर बाहेरून नवंच दिसत होतं. त्या भास्करनं..."

मी तिथेच ओट्यावर बसलो होतो. निलेशचा चेहरा कसा झाला ते मला अजून दिसतं. रागाचा नव्हता तो. फार दिवस पोटात धरलेलं दुखणं बाहेर पडताना होतो तसा होता.

"भास्करकाकानं नाई लावलं ते ठिगळ," तो म्हणाला. "बाबानं लावलं. अथीच, ह्या शेडमधी. मी टायर खोलाची टॉमी धरून होतो."

 तो सांगत राहिला. टायर बगलेला कापलेलं पाहून भास्करने हात लावायला नकार दिला होता. हे फेका म्हणाला होता. रामनवमी तोंडावर होती. नामदेवभाऊ म्हणाले, पोहरादेवीची गर्दी निघू दे, मग नवीन घालू. त्यांनी ते घरीच खोललं, आतून तुकडा बसवला, आणि पोराला सांगितलं, आईला बोलू नको, उगीच घोर लावून घेईल.

"अन् मंग मले काहून नाई सांगतलं तू?" वहिनींनी विचारलं. आवाज अगदी हळू.

"मी लहान होतो आई. तू स्टँडवर ज्या आवाजात ओरडून राह्यली होती... मले वाटलं, आता हे बाबाचं म्हनून सांगतलं तं तू मरशील. मंग जितका उशीर झाला तितकं कठीनच होत गेलं."

त्या दिवाळीला त्या घरात पुढे फराळ झाला नाही. निलेश दोन दिवसांनी गेला. गाडीची चाकं न काढताच गेला.

तो गेल्यावर वहिनी माझ्या दुकानात आल्या. "भाऊ, मले रिसोडले नेता का?" एवढंच विचारलं.

सोयाबीनचा हंगाम होता. रिसोडच्या बाजारात ट्रॅक्टरांची रांग लागलेली. भास्कर एका गोदामावर राखण करत होता. डाव्या हातावरून वारं गेलेलं, तो हात मांडीवर ठेवून बाजेवर बसला होता. वहिनींना पाहून तो उठला नाही. वहिनी त्याच्यासमोर खाली, पोत्यावर बसल्या.

"निलेशनं सांगतलं," त्या म्हणाल्या.

 तो म्हणाला, "मले तं माहीतच होतं वैनी."

"तुमी तवाच काहून नाई बोलले?"

"बोललो ना. कोनं आयकलं? तुमी रडून राह्यल्या होत्या. रडत्या बाईसमोर कोनाचं खरं होते?"

वहिनी त्याच्या पायाला हात लावायला वाकल्या, तर त्याने पाय मागे घेतला. "ते नोको," म्हणाला. "माहं मन तेवढं मोठं नाई. तुमी मशीन आनलं तवा मी रोज सकाळी दुकान खोलून बसे, अन् तुमच्या घराकडे जानारी चाकं मोजे. ते मी इसरू शकत नाई."

"मशीन तुमाले आनून देते. शिरपूरले चला. दुकान पुन्हा खोला."

त्याने उजव्या हाताने डावा हात उचलून दाखवला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. वहिनी पोत्यावरून उठल्या. निघताना मात्र तो म्हणाला, "गावात सांगसान, तं नामदेवभाऊचं नाव नोका खराब करू. मानूस बरा होता."

वहिनींनी त्याचं हे ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्टँडवर गेल्या, जिथे त्यांनी ते टायर टाकलं होतं तिथेच उभ्या राहिल्या. चहाच्या टपरीवर, पिठाच्या गिरणीवर, मंदिराच्या गल्लीतल्या दुकानांत, जिथे जिथे त्यांनी भास्करला दोष दिला होता तिथे तिथे गेल्या. "माह्या मानसानं आपल्या हातानं ते ठिगळ लावलं होतं. भास्करनं नाई म्हटलं होतं. मी त्याचं नाव खोटं घेतलं." प्रत्येक ठिकाणी हेच, याच शब्दांत. दीर चिडले, मेलेल्या भावाची अब्रू चव्हाट्यावर मांडली म्हणून त्यांनी घरी येणं सोडलं. निलेशही फोनवर म्हणाला, आता कायले आई. त्या म्हणाल्या, "तुले उशीर झाला म्हनून तू थांबला. मी नाई थांबत."

पुढच्या उन्हाळ्यात भास्कर गेला. निरोप आला तेव्हा वहिनींना दम लागायला सुरुवात झाली होती, तरी मला घेऊन त्या रिसोडला गेल्या. त्याची बायको दारात उभी होती. तिने वहिनींकडे पाहिलं, आत गेली, एक चटई आणून टाकली आणि म्हणाली, "आल्या तं बसा." मग आत निघून गेली. उन्हं कलेपर्यंत वहिनी त्या चटईवर बसून होत्या. आतबाहेर करणाऱ्या बाया त्यांना वळसा घालून जात होत्या.

परतताना मी त्यांना समजवायचा प्रयत्न केला. म्हटलं, तुमच्याकडून होण्यासारखं तुम्ही केलं. साऱ्या गावाला सांगितलं.

"सांगतलं ना," त्या म्हणाल्या. "गिरनीवर सांगतलं, तं बाई म्हने, जाऊ द्या वैनी, झालं ते झालं. टपरीवाला म्हने, च्या घेता का." त्यांनी पदराने तोंडावरची धूळ पुसली. "मी खोटं बोलली तवा सारं गाव काम सोडून आयकाले आलं होतं, भाऊ. खरं बोलाले गेली, तं कोनी दोन मिनिट थांबलं नाई."

 रस्ता खराब होता. मी गाडी हळू चालवत राहिलो.