गेटपर्यंतचं मौन

माझी सून हल्ली मागेच लागली आहे. विद्यापीठाच्या आवारात म्हणे सकाळी एक गट जमतो. सगळे मिळून चालतात आणि कुणी कुणाशी एक शब्द बोलत नाही. मोबाइल बंद, लक्ष पावलांवर आणि श्वासावर. त्यानं मनावरचा ताण उतरतो, झोप लागते, तुमचं बीपीसुद्धा खाली येईल, असं ती सांगते. मी होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. चालण्याचा मला कंटाळा नाही, उभा जन्म चालण्यातच गेला. पण गप्प चालायचं म्हटलं की अंगातलं बळच जातं. ते मी एकदा करून बसले आहे, आणि तेही त्याच रस्त्यावर.

तेव्हा मी चिकलठाण्याला औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होते. नवेनवे कारखाने निघत होते, त्यांना हात हवे होते, आणि आमच्या वस्तीतल्या बायांना दुसऱ्याच्या रानात खुरपण्यापेक्षा ते काम बरं वाटायचं. सावली तरी होती. दिवसभर उभं राहायचं, शेजारणीशी बोललं की सुपरवायझर खेकसायचा. संध्याकाळी घरी आले की पायात गोळे यायचे आणि तोंड उघडायचीही इच्छा नसायची.

त्याच सुमारास विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि खेड्यापाड्यांतून आमच्या लोकांची घरं पेटवली गेली. त्यात सासूबाईंचं घर गेलं. नवरा गावी जाऊन त्यांना एसटीनं घेऊन आला. अंगावरचं लुगडं आणि हातात एक पितळी तांब्या, एवढंच त्यांनी आणलं होतं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. बाई जिभेनं भारी तिखट. भाकरीचा पापुद्रा सुटला नाही तरी माझ्या माहेरच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. सणावाराला गावी गेलं की परत येईपर्यंत माझे कान किटायचे. आता त्या आल्या त्या मुक्या होऊनच. पहिल्या आठवड्यात, खोटं कशाला बोलू, घर कसं निवांत वाटलं. मग हळूहळू भीती वाटायला लागली. हाक मारली की नुसत्या बघायच्या. ताटातली अर्धी भाकरी तशीच राहायची. सासू बोलत नाही म्हणून डोळ्याला पदर लावणारी सून सबंध वस्तीत मी एकटीच असेन.

सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला होता. त्यानं झोपेच्या गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की अशी माणसं पुढं पुढं खाणंही सोडतात, जपा. गोळ्यांनी झोप लागली, जीभ काही सुटली नाही. नवरा बाहेर ओट्यावर बसून राहायचा. आईला मीच ओढत आणलं, तिचं मन तिकडंच राहिलं, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणायचा. आणि मी दोन मुक्या माणसांना जेवायला वाढायचे.

आमच्या विहारात एक निवृत्त शाळामास्तर यायचे. वस्ती त्यांना गुरुजी म्हणायची. गावांकडून आलेली अशी बरीच माणसं होती, कुणाची झोप उडालेली, कुणी दारावर कडी वाजली तरी दचकणारं. गुरुजींनी ठरवलं की रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून विद्यापीठामागच्या लेण्यांपर्यंत चालायचं. न बोलता. पाऊल टाकलं की ते टाकलंय एवढंच मनाला कळू द्यायचं, बाकी विचार येतील आणि जातील. वाटेत कुणी जयभीम केला तरी नुसते हात जोडायचे. लेण्यांत पोचल्यावर वंदना घ्यायची आणि मगच तोंड उघडायचं. कपडे वंदनेचे, म्हणजे पांढरे.

आठवड्यातला सुट्टीचा तेवढा एकच दिवस. मला तो झोपून काढायचा होता, पण आत्याबाईंना एकटं कसं पाठवणार? मी गेले. रविवारामागून रविवार गेले. इतरांना गुण येत होता. एक म्हातारा सांगायचा की आता रात्री डोळा लागतो. आत्याबाई माझ्यामागून चालायच्या, चढावर दम खायच्या, पुन्हा चालायच्या. तोंडातून अवाक्षर नाही. मला गुरुजींचा राग यायचा. जिला बोलतं करायचं, तिला न बोलण्याचा नेम लावून काय साधणार? पण त्यांच्यासमोर कोण बोलणार, आणि मौनात तर मुळीच नाही.

एका रविवारी विद्यापीठाच्या गेटपाशी पोलिसांची गाडी उभी होती. आदल्या दिवशी शहरात कुठंतरी दगडफेक झाली होती. आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलंच नाही की आपण कसे दिसतोय. पांढऱ्या कपड्यांतली आमची माणसं, एका रांगेत, खाली माना घालून, नामांतराच्या दिवसांत थेट विद्यापीठाच्या गेटाकडं निघालेली. कुणालाही मूक मोर्चाच वाटला असता.

जमादार आडवा आला. कुठला मोर्चा, परवानगी कुणाची, पुढारी कोण, असं त्यानं विचारलं. गुरुजींनी हात जोडले आणि ओठ मिटून उभे राहिले. नेम म्हणजे नेम. त्यांचं पाहून बाकीच्यांनीही हात जोडले. जमादारानं पुन्हा विचारलं, या वेळी आवाज चढवून. गाडीतून आणखी शिपाई उतरले, काठ्या घेऊन. माझ्या तोंडाला कुलूप लागलं होतं, नेमानं की भीतीनं, ते आजही सांगता येणार नाही.

तेवढ्यात मला बाजूला सारून आत्याबाई पुढं झाल्या.

"मोर्चा नाय, साहेब. जीव थाऱ्यावर यावा म्हणून चालतोय. गुरुजींनी बोलू नका म्हणलंय म्हणून गप हायेत समदे. मुके नायत."

आवाज गंजलेला होता, पण त्यांचाच होता. जमादारानं शिपायांना हातानं थांबवलं. मग म्हणाला की मावशी, हे आधीच सांगायचं ना, आज पुढं जाऊ नका, माघारी फिरा.

आम्ही फिरलो. लेणी त्या दिवशी झालीच नाहीत. गुरुजी थोडे खट्टू होते. नेम मोडायला नको होता, मी हातानं खुणावलं असतं, असं ते कुणालातरी म्हणाले. आत्याबाई दमल्या होत्या. रस्त्याकडेच्या लिंबाखाली त्या एका दगडावर टेकल्या, मी त्यांच्याजवळ बसले. इतक्या दिवसांत माझ्याशी नाही, लेकाशी नाही, आणि पोलिसाशी कशा बोललात, असं मी विचारलं. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं होतं.

त्यांनी पदरानं पायाची धूळ झटकली.

"घर पेटलं तवा म्या शेजारच्या समद्यांना हाका मारल्या," त्या म्हणाल्या. "एकेकीचं नाव घेऊन. जिचं बाळंतपण म्या केलं, तिला बी. दारं लावून घेतली त्यांनी, कुणी ओ नाय दिली. मग बोलून काय करायचं, म्हणलं. पण आज त्यो माणूस इचारत हुता आन समदे गप. मला ते बघवंना. इचारलं तर ओ द्यावी माणसानं. आपुन बी तसंच व्हायचं का?"

मी लिंबाखाली बसूनच रडले. त्यांनी रडू दिलं. थोड्या वेळानं उठ म्हणाल्या, भाकऱ्या कुणी टाकायच्या.

पुढं त्या पुष्कळ वर्षं जगल्या आणि मला पुष्कळ बोलल्या. त्या गावाचं नाव मात्र त्यांनी पुन्हा घेतलं नाही, आणि मीही काढलं नाही.

आज सकाळी सून बाहेरच्या खोलीतून विचारत होती, आई, येताय ना? बूट घालून उभी होती. गुडघे दुखत होते आणि उठायची मुळीच इच्छा नव्हती. उत्तर दिलं नसतं तर ती एकटी निघून गेली असती. मी ओ दिली.